एका फडात एकच पीक: कंटेनरच्या सर्व्हरची डिस्क विभागताना

मे महिना, दुपारचे अडीच. रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या काट्यावर उत्तरेकडे निघालेले ट्रक रांगेत उभे, आणि वजनाची पावती निघेना. पावतीचा प्रोग्राम मी बसवलेला, सर्व्हरही मीच उभा केलेला, त्यामुळे फोन मलाच. काट्यावरचे मुनीम मूळचे अमळनेरचे. "काय व्हयनं भो, पावती निंघत नही," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

लॉगिन झालं, पण टॅब दाबून फोल्डरचं नाव पुरं करायला गेलो तर बॅशनेच 'जागा संपली' म्हणून हात वर केले. शोधल्यावर निघालं ते लाजिरवाणं होतं. एका कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेली पेटी) डीबग लॉग, म्हणजे बारीकसारीक नोंदी, चालू राहिला होता. कंटेनर चालवणारा डॉकर आपले लॉग जेसन फाइलमध्ये लिहितो आणि त्या फाइलला मुळात मर्यादाच नसते. ती फाइल फुगत फुगत सगळी डिस्क खाऊन बसली, कारण डिस्कला एकच पार्टिशन, म्हणजे एकच कप्पा, होतं. डेटाबेस त्याच पार्टिशनवर, ऑपरेटिंग सिस्टिम त्यावरच, इमेजेस (कंटेनरचे साचे) त्यावरच. इन्स्टॉलरने जे सुचवलं त्यावर मी 'पुढे' दाबत गेलो होतो.

पांझरेकाठच्या गावांत तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली फड बागायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पार्टिशनची गोष्ट वेगळी समजावावी लागत नाही. बंधाऱ्याच्या पाण्याखालचं शिवार फडांत वाटलेलं असतं आणि एका फडात एकच पीक घेतात, कारण त्या फडाची पाण्याची भूक एकसारखी राहते. ऊस आणि गहू एकाच चारीवर शेजारी शेजारी लावले की पाटकऱ्याचं गणित कोलमडतं. डिस्कचंही तसंच. किती जीबी कोणाला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की कोण कशा रीतीने वाढतो. ज्यांची वाढ सारखी ते एका फडात, आणि जो बेभान वाढू शकतो त्याच्या वाटेत, जी थांबून चालणार नाही अशी गोष्ट ठेवायची नाही.

खाली कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर वाटून चालवणारी व्यवस्था) आणि कंटेनरडी (प्रत्येक मशीनवर ते कंटेनर चालवणारा प्रोग्राम) धरून लिहिलं आहे. अशा एका मशीनला नोड म्हणतात, सगळ्यांना मिळून क्लस्टर, आणि एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला पॉड. कुबरनेटीसने १.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, डॉकरचा आतला जोड काढून टाकला, तेव्हा नवीन काम करणाऱ्याने कंटेनरडीचाच विचार करावा. कमांड आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर अर्थात नेहमीचं स्पेलिंग.

आधी कोण काय खातं ते बघा

चालू मशीन असेल तर अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा. 'डीएफ -एच' ने जागा, 'डीएफ -आय' ने आयनोड (दर फाइलमागे एक लागणारी नोंद), आणि 'डीयू' ने फोल्डरवार हिशेब. आयनोडचा आकडा लोक विसरतात. जागा अर्धी रिकामी आणि तरी फाइल तयार होत नाही, असं झालं की आयनोड संपलेले असतात. कंटेनर इमेजेसमध्ये बारीक फाइल्सचा नुसता भुसा असतो.

खाणारे मुख्यतः पाच. /व्हार/लिब/कंटेनरडी इथे इमेजेस आणि प्रत्येक कंटेनरचा लिहिता थर. /व्हार/लिब/क्युबलेट इथे क्युबलेटचं, म्हणजे नोडवर पॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, सामान आणि पॉडचे तात्पुरते एम्प्टीडिर व्हॉल्यूम. /व्हार/लॉग/पॉड्स इथे कंटेनरचे लॉग. /व्हार/लिब/एटसीडी इथे सगळ्या क्लस्टरची वही, फक्त कंट्रोल प्लेनच्या, म्हणजे क्लस्टरचा कारभार चालवणाऱ्या, मशीनवर. आणि पाचवा तुमचा खरा डेटा, पोस्टग्रेस डेटाबेस वगैरे. के-थ्री-एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) वापरत असाल तर यातलं बरंचसं /व्हार/लिब/रँचर/के३एस या एकाच झाडाखाली बसतं, त्यामुळे तिथे जास्तच सावध राहावं लागतं.

एटसीडीची भूक थोडी असते पण ती घाईची असते. त्याच्या डेटाबेसची मुळातली मर्यादा २ जीबी, आणि ८ जीबीच्या वर नेऊ नये असा सल्ला त्याच्याच कागदपत्रांत आहे. जागा नगण्य. मात्र प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की बसल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

इथे एक गैरसमज खोडून टाकतो, कारण मी स्वतः तो बरीच वर्षं बाळगला. पार्टिशन जागा वेगळी करतं, वेग वेगळा करत नाही. एकाच डिस्कवर एटसीडीला वेगळं पार्टिशन दिलं आणि शेजारच्या पार्टिशनवर दोन जीबीची इमेज उतरू लागली, तर दोघेही एकाच दारात रांगेला उभे राहतात. एटसीडी रेंगाळतो, त्याच्या प्रतींमधला लीडर बदलतो, आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालत बसता. त्याला शक्यतो वेगळी डिस्क द्या, निदान इमेजेस जिथे उतरतात ती डिस्क तरी देऊ नका.

एसएसडी घेतानाही बघा, वीज गेल्यावर आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर त्यात आहेत का. घरगुती एसएसडीत ते सहसा नसतात. ते असलेली डिस्क 'पक्कं लिहिलं' असं लगेच सांगू शकते, नसलेली खरोखर लिहून होईपर्यंत थांबवते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा हा खर्च दोन्ही अर्थांनी वसूल होतो. डिस्क एटसीडीला चालेल का हे एफआयओ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासता येतं: क्रमाने लिहिणं, २३०० बाइटचा ब्लॉक, २२ एमबी आकार, प्रत्येक लेखनानंतर एफडेटासिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं बसवण्याची आज्ञा. निकालात सिंकच्या वेळांचा ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांच्या आत हवा. २५ आला तर ती डिस्क दुसऱ्या कामाला लावा.

मांडणी

मी सध्या जे मशीन लावतो त्यात २४० जीबीच्या दोन एसएसडी आरशासारख्या, म्हणजे रेड-१ मध्ये, आणि ९६० जीबीची एक एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाची एसएसडी. पेटीवरचे जीबी आणि लिनक्स दाखवतो ते जीबी वेगळे: २४० चे सुमारे २२३ दिसतात, ९६० चे ८९४. हिशेब दिसणाऱ्या आकड्यावर करा.

तिन्ही डिस्कवर जीपीटी पार्टिशन टेबल, म्हणजे कप्प्यांची यादी. जुना एमबीआर ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे डिस्क आज लहान असली तरी त्याच्या नादी लागू नका. आरशाच्या जोडीवर १ जीबी ईएफआयसाठी (तो दोन्ही डिस्कवर करा आणि सारखा ठेवा, नाहीतर पहिली डिस्क गेल्यावर दुसरी बूटच होत नाही), २ जीबी /बूट, आणि बाकी सगळं एलव्हीएमला (जागा एका साठ्यात घालून त्यातून पुढे वाढवता येणारे लॉजिकल व्हॉल्यूम कापून देणारी सोय). त्यात 'सिस्टिम' नावाचा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे साठा:

- रूट: ४० जीबी
- /व्हार: ३० जीबी
- /व्हार/लॉग: ३० जीबी
- /व्हार/लिब/एटसीडी: २० जीबी
- उरलेले सुमारे १०० जीबी: कोणालाच नाही

एनव्हीएमईवर पार्टिशन एकच, त्यावर 'डेटा' नावाचा ग्रुप:

- /व्हार/लिब/कंटेनरडी: २५० जीबी
- /व्हार/लिब/क्युबलेट: १५० जीबी
- डेटाबेस आणि इतर कायमचे व्हॉल्यूम: ३०० जीबी, प्रत्येकाचं वेगळं लॉजिकल व्हॉल्यूम
- उरलेले १९० च्या आसपास: कोणालाच नाही

रिकामी जागा बघून मालकाचा जीव खालीवर होतो. "एवढी जागा पडून का ठेवली?" कारण एक्सएफएस ही फाइलसिस्टिम चालू असताना मोठी करता येते, लहान करायची सोय व्यवहारात नाही. आज सगळं वाटून टाकलं तर उद्या एकाकडून काढून दुसऱ्याला देता येत नाही. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलरसुद्धा एलव्हीएम निवडल्यावर मोठ्या डिस्कवर रूटला सगळी जागा देत नाही. बरेच जण त्याला बग समजून पहिल्याच दिवशी ती सगळी रूटला जोडून टाकतात.

थिन पूल मी वापरत नाही. कागदावर तो सगळ्यांना भरपूर जागा दाखवतो, आणि पूल भरला की त्यावरची सगळी व्हॉल्यूम एकदम अडचणीत येतात. ज्यासाठी फड पाडले तोच बांध फुटतो.

लॉगला ३० जीबी कसे आले? क्युबलेट प्रत्येक कंटेनरचा लॉग १० एमबीला फिरवतो आणि ५ फाइल ठेवतो. एका नोडवर मुळात ११० पॉड चालतात. प्रत्येकी एक कंटेनर धरला तर साडेपाच हजार एमबी, म्हणजे साडेपाच जीबीच्या आत. साइडकार (पॉडमधले जोडीचे कंटेनर) धरून दुप्पट करा, त्यात जर्नल आणि ऑडिट लॉग घाला, तरी ३० पुरतात. मात्र /व्हार/लॉग वेगळं केलं की क्युबलेटच्या जागेच्या हिशेबात ते येत नाही. तो फक्त आपलं फोल्डर आणि इमेजेसचं फोल्डर बघतो. पॉडची जागा त्याच्याकडूनच काटेकोर मोजून घ्यायची असेल तर लॉग आणि क्युबलेट एकाच फाइलसिस्टिमवर ठेवावे लागतात. मी वेगळे ठेवतो आणि रूट, /व्हार, /व्हार/लॉग यांच्यावर नोड एक्सपोर्टरच्या, म्हणजे मशीनचे आकडे देणाऱ्या प्रोग्रामच्या, मदतीने ८० टक्क्यांचा इशारा लावतो. त्या मे महिन्यानंतर लॉगवर माझा विश्वास राहिलेला नाही, एवढंच त्याचं कारण.

स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) करू नका. स्वॅप चालू दिसला तर क्युबलेट मुळात सुरूच होत नाही.

हात घालताना

डिस्क ओळखायची ती सीरियल नंबरवरून. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मध्ये नंबरासकट नावं असतात. एनव्हीएमईची शून्य-एक ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात आणि वाइपएफएस ही डिस्कवरच्या खुणा पुसणारी कमांड 'नक्की ना?' असं विचारत नाही.

पार्टिशन १ एमबीच्या सीमेवर सुरू होऊ द्या, हल्लीची साधनं ते आपोआप करतात. मग पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट. एलव्हीक्रिएटमध्ये मोठ्या लिपीतला एल म्हणजे आकार, छोट्या लिपीतला एल म्हणजे एक्स्टेंटची संख्या किंवा टक्के. '१०० टक्के मोकळी' हा पर्याय इंटरनेटवरच्या प्रत्येक उदाहरणात दिसतो, तो उचलू नका.

फाइलसिस्टिम कंटेनरडी आणि क्युबलेटसाठी एक्सएफएस. इमेजचे थर एकावर एक रचणाऱ्या ओव्हरलेला त्यात एफटाइप हा पर्याय १ लागतो. आजची एमकेएफएस तो आपोआप लावते, पण जुन्या मशीनवरून आलेली डिस्क असेल तर 'एक्सएफएस_इन्फो' ने एकदा बघा. तो शून्य असेल तर पुन्हा फॉरमॅटशिवाय बदलत नाही. ईएक्सटी४ ही चालते, पण तिचे आयनोड फॉरमॅट करतानाच ठरतात, साधारण दर १६ केबीला एक, आणि ती ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. २५० जीबीवर ते साडेबारा जीबी झाले. ट्यून२एफएसने ते १ टक्क्यावर आणता येतं.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे जोडायचं, म्हणजे माउंट करायचं, त्याची यादी) यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. पर्यायांत कंटेनरडीच्या फोल्डरला नोएक्झेक ('इथून प्रोग्राम चालू देऊ नको') लावू नका. सुरक्षा तपासणीची यादी घेऊन येणारे लोक कधी कधी /व्हारखालच्या सगळ्यांनाच ते सुचवतात. कंटेनरमधले प्रोग्राम त्याच फाइलसिस्टिमवर असतात, तिथे असला धोका घेऊ नये. 

आता सगळ्यात वाईट प्रसंग. रीबूटनंतर एनव्हीएमई दिसलीच नाही, आणि एफएसटॅबमध्ये नोफेल ('डिस्क नसली तरी पुढे चल') लिहिलेलं आहे. मशीन निमूट उठतं. कंटेनरडीला /व्हार/लिबमध्ये आपलं फोल्डर रिकामं दिसतं, तो त्यातच इमेजेस उतरवायला लागतो, आणि ३० जीबीचं /व्हार भरतं. डिस्क परत आली की हे सगळं माउंटखाली झाकलं जातं. जागा गेलेली दिसते, फाइल कुठेच दिसत नाहीत. यावर दोन कुलपं लावा. माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर +आय' चालवा, म्हणजे माउंट नसताना त्यात कोणी लिहूच शकणार नाही. आणि कंटेनरडी व क्युबलेटच्या सिस्टिमडी युनिटला (सेवा कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलला) 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही ओळ आपापल्या पाथसह जोडा. मग डिस्क नसेल तर सेवा उठत नाही, नोड 'नॉट रेडी' दिसतो, आणि बिघाड समोर दिसतो.

चालू नोडवर बदल करायचा असेल तर

एका वेळी एकच नोड. आधी कॉर्डन (नवे पॉड येणं थांबवायचं), मग ड्रेन (असलेले बाहेर काढायचे). डीमनसेट (प्रत्येक नोडवर एक असे चालणारे पॉड) सोडून द्यायचा आणि एम्प्टीडिर पुसायला परवानगी द्यायचा असे दोन पर्याय जोडावे लागतात, आणि दुसरा जोडताना त्या एम्प्टीडिरमध्ये कोणी खरा डेटा ठेवलेला नाही ना हे विचारून घ्या.

पुढे बरेच जण कंटेनरडी बंद करून लगेच कॉपी करायला घेतात. कंटेनरडी बंद केल्यावर चालू कंटेनर मरत नाहीत, त्यांना शिम नावाच्या प्रोसेस धरून असतात, आणि क्युबलेटच्या फोल्डरमध्ये सीक्रेट, एनएफएस, असले माउंट जिवंत राहतात. अशा वेळी कोणी जुनं फोल्डर 'आरएम -आरएफ' केलं तर एनएफएसवरचा ग्राहकाचा डेटा त्यासोबत जातो. म्हणून मी दोन्ही सेवा डिसेबल करतो आणि मशीन रीबूट करतो. उठल्यावर 'फाइंडएमएनटी' ने खात्री करतो की त्या फोल्डरखाली काहीही जोडलेलं नाही. हे केल्याशिवाय पुढची ओळ टाइप करू नका.

क्युबलेटचं फोल्डर नव्या जागी आरसिंकने न्या, हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटसकट. त्यात नोडची प्रमाणपत्रं आणि कॉन्फिग आहे, ते हरवलं तर नोड पुन्हा जोडावा लागेल. कंटेनरडीचं मात्र कॉपी करत नाही. रिकामं ठेवतो, इमेजेस रजिस्ट्रीतून, म्हणजे त्यांच्या नेटवरच्या भांडारातून, परत उतरतात. अट एकच: एखादी इमेज पेनड्राइव्हवरून हाताने चढवलेली असेल तर ती आधी बाहेर काढा. बांधावरच्या कार्यालयात नेट कमी म्हणून मी दोनदा तसं केलं होतं आणि एकदा विसरलो होतो. रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर शेवटी रिस्टोअरकॉन (फाइलींवरच्या सुरक्षेच्या खुणा परत लावणारी कमांड), नाहीतर एसईलिनक्स दार उघडणार नाही. मग सेवा सुरू, अनकॉर्डन.

उंबरे

वेगळं पार्टिशन केलं की क्युबलेट दोन जागा ओळखतो. नोडएफएस म्हणजे त्याचं स्वतःचं फोल्डर, इमेजएफएस म्हणजे कंटेनरडीचं. नोडएफएसमध्ये १० टक्क्यांहून कमी जागा उरली, किंवा इमेजएफएसमध्ये १५ टक्क्यांहून कमी, किंवा नोडएफएसचे मोकळे आयनोड ५ टक्क्यांखाली गेले, की तो 'डिस्कप्रेशर' जाहीर करतो आणि पॉड हाकलायला लागतो.

इमेजेसची झाडलोट मुळात ८५ टक्के भरल्यावर सुरू होऊन ८० वर थांबते. आता जोडून बघा: ८५ टक्के भरलं म्हणजेच १५ टक्के उरलं. झाडू मारण्याची वेळ आणि घराबाहेर काढण्याची वेळ एकच! हाकलण्याआधी क्युबलेट न वापरलेल्या इमेजेस पुसून बघतो खरा, तरी इतक्या काठावर का राहावं? मी झाडलोट ७५ आणि ६५ वर आणतो.

हाकलण्याचे उंबरे बदलायचे असतील तर एक खोच आहे. यादीतला एकच आकडा लिहिला तर बाकीचे मूळ आकडे टिकत नाहीत, शून्य होतात. म्हणून मेमरीच्या १०० एमबीसकट सगळे पुन्हा लिहा.

पॉडच्या बाजूनेही बांध घाला: एफेमेरल स्टोरेजची, म्हणजे तात्पुरत्या जागेची, मर्यादा आणि एम्प्टीडिरला साइझलिमिट. आणि हे ध्यानात असू द्या की लोकल-पाथ प्रोव्हिजनर (नोडच्याच डिस्कवर फोल्डर करून देणारा) व्हॉल्यूमवर लिहिलेला आकार पाळायला लावत नाही. १० जीबी मागून कोणी २०० जीबी भरू शकतं. डेटाबेसला म्हणूनच वेगळं लॉजिकल व्हॉल्यूम. तिथे भिंत खरी असते.

भरून बघा

सगळं झाल्यावर 'क्रिक्टल इमेजएफएसइन्फो' ने कंटेनरडीची जागा नव्या माउंटवर दिसते ना ते पाहा. मग चाचणीच्या नोडवर एफअ‍ॅलोकेटने कंटेनरडीच्या फाइलसिस्टिमवर एक मोठी फाइल करून ती ७८ टक्क्यांपर्यंत भरा. फाइल काही सेकंदांत तयार होते, झाडलोट मात्र लगेच दिसत नाही, पाच मिनिटं वाट बघा. जुन्या इमेजेस गेल्या की आणखी भरा, ८७ पर्यंत. 'डिस्कप्रेशर' यायला हवा, नवे पॉड या नोडवर यायचे थांबायला हवेत, आणि एवढं होऊनही एसएसएच लॉगिन, टॅब आणि एटसीडी यांना धक्का लागता कामा नये. लागला तर मांडणीत कुठेतरी दोन पिकं एका फडात आहेत. फाइल पुसा आणि शोधा.

जागा वाढवायची वेळ आली तर 'एलव्हीएक्स्टेंड -आर' आणि पुढे अधिक ५० जीबी. -आर मुळे फाइलसिस्टिमही सोबतच मोठी होते, काही बंद करावं लागत नाही. परवा असंच एकाचं क्युबलेट भुसावळ स्टेशनच्या चार नंबर फलाटावरून, मोबाइलवरच्या टर्मिनलमधून वाढवलं, गाडी लागायच्या आत. प्रत्येक मशीनच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असतो: कोणती डिस्क, तिचा सीरियल नंबर, कोणाला किती. उरलेल्या जागेचा आकडा तेवढा पेन्सिलने लिहा.